चोरघातकाचा एक घाव

देहदंडाविषयी बौद्ध भूमिका कोणती, असा प्रश्न निघाला की आपले व्याख्याते हटकून ‘मिलिंदपञ्ह’ उघडतात. मेण्डकपञ्हात भदन्त नागसेन निग्रहास पात्र अशा चोराला ताकीद, दंड, हद्दपारी, बंधन आणि प्रसंगी वधही सांगतात. हा वध तथागतांना संमत आहे काय, असे मिलिंद विचारतो. संमत नाही, चोर स्वतःच्या कृत्यानेच मारला जातो, असे उत्तर मिळते. निरपराध वाटसरूला कोणी धरून मारीत नाही, हा त्याचा आधार.

हे उत्तर चतुर आहे, समाधानकारक नाही. अपराध चोराचा हे खरे. पण शस्त्र उचलणाऱ्या हातामागील चेतना कोणाची? चेतनेलाच कर्म म्हणणाऱ्या परंपरेला हा प्रश्न टाळता येत नाही. शिवाय निरपराध धरला जात नाही, हे आपल्या वस्त्यांतील कोण मान्य करील?

याहून मोलाचा पुरावा विनयपिटकात, तिसऱ्या पाराजिकाच्या विनीतवत्थूंत आहे. एक भिक्षू वधस्थानी जाऊन चोरघातकास विनवितो की, याला क्लेश देऊ नका, एकाच घावात संपवा. चोरघातक तसे करतो आणि भिक्षू पाराजिक ठरतो. दुसऱ्या प्रसंगी चोरघातक ‘तुमचे ऐकणार नाही’ म्हणून चोराला मारतो. तेथे केवळ दुक्कट. म्हणजे वेदना कमी करण्याचा सद्हेतूही वधातील सहभाग धुऊन काढीत नाही.

महादुक्खक्खन्ध सुत्तातील बिलंगथालिक, राहुमुख, कहापणक (अट्ठकथेनुसार नाण्याएवढे मांसाचे तुकडे काढणे) ही नावे वाचून आपण शहारतो आणि क्रौर्य तेवढेच, असे समजतो. १९८३ साली दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची पद्धत वैध ठरविताना मृत्यू झटपट येतो यावरच भर दिला. विनयातील तो भिक्षूही हेच मागत होता!

विनय भिक्षूंसाठी आहे, राज्यासाठी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अपराध्यास शिक्षा झालीच पाहिजे, त्यात न्यायाधीशाचा दोष नाही, असे बाबासाहेबही मांडतात. मात्र ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी देहदंडच रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला होता. या दोन विधानांत विसंगती शोधणारे ‘शिक्षा’ आणि ‘वध’ हे शब्द समानार्थी धरतात. नागसेनांच्या यादीतही ते वेगवेगळेच आहेत.