भिडे वाडा: जागा मिळाली, घर गेले

पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडे वाडा ४ डिसेंबर २०२३च्या रात्री महापालिकेने पाडला. ज्या वास्तूसाठी आपण वर्षानुवर्षे 'वाचवा' म्हणत होतो, ती पडली तेव्हा आपण तिला विजय म्हटले. या विसंगतीवर थोडे बोलावे, असे तेव्हापासून मनात आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात मुलींची शाळा काढली. 'देशातली पहिली' हे बिरुद मी जपून वापरतो. मुंबईत मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीच होत्या, बंगालात बारासातला १८४७ची शाळा होती. त्याने पुण्याच्या शाळेचे मोल रतीभरही घटत नाही. पेशवाई बुडून तीसच वर्षे झालेल्या शहरात, भर पेठेत, एका ब्राह्मण घरमालकाने फुले दाम्पत्याला आपल्या घराचे दार उघडून दिले, ही गोष्टच पुरेशी मोठी आहे.

आणि तीच गोष्ट आपण सांगत नाही. भिडे वाड्यावर जे जे लेखन माझ्या हाती लागले, त्यात फुल्यांवर पाने आहेत, न्यायालयीन तारखांवर पाने आहेत; वाड्यावर चार ओळी, त्याही 'मोडकळीस आलेला' एवढ्याच. किती खणांचा होता? देवडी होती का? मुली रस्त्यावरून सरळ वर्गात येत, की आतल्या चौकातून? सावित्रीबाईंवर वाटेत शेण फेकले जाई, हे आपण शाळेपासून ऐकतो. ज्या वाटेवर शेण पडत होते ती संपून घराचा आडोसा नेमका कुठे सुरू होत होता, हा माझ्या मते इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कागदांपेक्षा उंबरठ्यापाशी मिळण्याचा संभव जास्त होता.

महापालिकेने तिथे स्मारक करायचे २००६ साली ठरवले. मग भाडेकरू दुकानदारांशी दावा. तेरा वर्षे चाललेला तो वाद ऑक्टोबर २०२३मध्ये उच्च न्यायालयात आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात पालिकेच्या बाजूने संपला. एवढा सगळा काळ भांडण ताब्याचे होते. दुकानदारांना गाळे हवे होते, पालिकेला जागा, आपल्याला स्मारक. घर कोणालाच नको होते. १८४८च्या वाड्यातले तिथे कितीसे उरले होते, हा प्रश्न रास्तच आहे. भिंती धोक्याच्या झाल्या होत्या हेही खरे. पाडल्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पाडण्याआधी त्या घराबद्दलचे कुतूहल आपल्या चर्चेत कधी आलेच नाही, ही माझी तक्रार आहे.

याच जोडप्याचे राहते घर, गंज पेठेतला फुले वाडा, मात्र जपले गेले. तिथे ओसरीवर बसता येते. १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद अंगणापासून किती पावलांवर होता याची कल्पना करता येते. आणि १८५१मध्ये ज्या चिपळूणकरांच्या वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा पुन्हा उभी केली, तो वाडाही बुधवार पेठेतलाच. त्याचे नाव किती वाचकांना आठवते?

मी चांदूर रेल्वेचा. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून पुण्याला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा दुकानांच्या पाट्यांमागे वाडा दिसता दिसत नव्हता. दुसऱ्यांदा मोकळी जागा होती. परतल्यावर आमच्या गल्लीतल्या एका वाड्यात टेप आणि वही घेऊन गेलो. तिथे कोणी थोर जन्मले नाही, की कोणती शाळा भरली नाही. दगडी जोते, पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी खांब, धाब्याचे छत, मागे बुजवलेले पेव. मालकाचा मुलगा अमरावतीला असतो. तो नेमका आलेला होता.

"मोजून काय करता काका? दिवाळी झाली का पाडाचाच हाये."

"म्हणून तर आज आलो बाबू. जरा टेपचं ते टोक धर."

त्याने धरले. देवडीचे दार सव्वापाच फूट उंच निघाले. त्याची आजी म्हणे पाटी डोक्यावरून उतरवल्याशिवाय आत येत नसे. ते मी वहीत मापाच्या शेजारीच लिहून घेतले.