मोल, मूल्य आणि मुद्रा : ल्यू यीचिएन यांचा चिनी सुलेखनसंग्रह

प्रास्ताविक

कलाकृतीचे मोल देणारा आणि तिचे मूल्य जाणणारा एकच असतो काय, हा कलासमीक्षेतील जुना प्रश्न आहे. शांघायचे उद्योजक ल्यू यीचिएन यांच्या संग्रहाच्या संदर्भात त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. १९६३ मध्ये जन्मलेल्या ल्यू यांनी शिक्षण अर्धवट सोडले, टॅक्सी चालविली व पुढे भांडवलबाजारातील गुंतवणुकीतून 'सनलाइन' उद्योगसमूह उभारला. पत्नी वांग वेई यांच्यासह २०१२ मध्ये त्यांनी शांघायमध्ये लाँग संग्रहालय स्थापन केले.

संग्राहकाची परंपरा

चिनी चित्र व सुलेखनाच्या परंपरेत संग्राहक कलाकृतीच्या बाहेर उभा नसतो. तो कागदावर आपली लाल मुद्रा उमटवितो, कधी शेजारी अभिप्राय लिहितो. पुढचा रसिक मूळ अक्षरांसोबत तेही वाचतो. त्यामुळे मुद्रा ही मालकीची खूण असते, तशीच पारखीची साक्षही असते. व्यापारीवर्ग या परंपरेत परका नव्हता. अठराव्या शतकातील मिठाचे व्यापारी आन ची यांनी चित्रे व सुलेखन यांची चिकित्सक नोंद 'मोयुआन ह्वेइग्वान' या ग्रंथात करून ठेवली. संपत्तीने त्यांना संग्रह दिला. संग्राहक म्हणून त्यांचा अधिकार मात्र या वाचनातून सिद्ध झाला.

'गोंगफू' पत्राचा वाद

सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात ल्यू यांनी सोंगकालीन कवी सू शी (१०३७–११०१) यांच्या नावे असलेले, अवघ्या नऊ अक्षरांचे निरोपपत्र सुमारे ८२ लाख डॉलरना घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शांघाय संग्रहालयातील तीन संशोधकांचे प्रतिकूल मत प्रकाशात आले. त्यांच्या मते हे पत्र म्हणजे अक्षरांच्या कडा गिरवून व आत शाई भरून केलेली उत्तरकालीन प्रतिकृती होती. जानेवारी २०१४ मध्ये सदबीजने त्यास सविस्तर उत्तर दिले. ल्यू यांनीही जाहीरपणे आपली बाजू मांडली.

या वादाचे मर्म सुलेखनाच्या स्वरूपातच आहे. गिरवलेल्या अक्षराला आकार असतो; परंतु कुंचल्याचा वेग, मनगटाचा दाब आणि न थांबता झालेली हालचाल त्यात उतरत नाही. सुलेखनाचे मूल्य या हालचालीत असल्याने ते प्रत्येक पिढीच्या डोळ्याला नव्याने पारखावे लागते. लिलावातील बोली ही पारख करू शकत नाही.

मूल्यमापन

एप्रिल २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरना घेतलेल्या मिंगकालीन पेल्यातून ल्यू यांनी चहा घेतला, तेव्हा त्यांच्यावर प्रदर्शनप्रियतेची टीका झाली. ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. तथापि, एवढ्यावरून त्यांच्या छंदाचा निकाल लावणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या खरेदीनंतरच नऊ अक्षरांवर विद्वानांची जाहीर चर्चा घडली, आणि संग्रहालय उभारून त्यांनी आपला संग्रह लोकांच्या नजरेपुढे आणला. उणीव राहते ती लेखी साक्षीची : आन ची यांचा ग्रंथ आजही वाचला जातो, ल्यू यांच्या संग्रहाची ओळख मात्र मुख्यतः आकड्यांनी होते.

समारोप

ऑक्टोबर २०२३ मध्ये लाँग संग्रहालयातील काही कलाकृती हाँगकाँगमध्ये लिलावात निघाल्या. संग्रह असे हातोहात जातात. टिकते ती संग्राहकाची पारख. प्रकाशनसंस्थेचे नाव पाहून ग्रंथाची योग्यता ठरविण्याची सवय जडलेल्या आपणा अध्यापकांनाही हे लागू पडते. मुद्रा कोणाची आहे हे पाहावेच, परंतु अक्षर स्वतः वाचल्यावाचून आपली मुद्रा उमटवू नये.