'शेण खाल्लं' म्हणजे काय?

रवी जाधव दिग्दर्शित 'बालक-पालक' हा चित्रपट २०१३ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. त्याला बरीच वर्षे लोटली, तरी आम्ही त्याच्याकडे परत वळतो ते त्यातील एका प्रश्नासाठी. चाळीतल्या ज्योतीताईने 'शेण खाल्लं' असे मोठी माणसे कुजबुजतात. कोवळ्या वयाची चार मुले विचारतात, म्हणजे नेमके काय केले? घरी उत्तर मिळत नाही. मग विशू भेटतो आणि त्याच्यामागोमाग 'तसली' व्हिडिओ कॅसेट येते. मौनापासून कॅसेटपर्यंतची ही वाट दिग्दर्शकाने हसतखेळत दाखवली आहे. म्हणूनच ती अधिक बोचते.

कथा मुंबईची. पण 'शेण खाणे' अमरावती-अकोल्याच्या घरांत कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. मुलगी वयात आली की 'कावळा शिवला' म्हणून विषय मिटवायचा. मुलाला तर तेवढेही सांगायचे नाही. आपल्या ख्रिस्ती घरांत त्यात सहाव्या आज्ञेची भर. पापनिवेदनाच्या तयारीत मूल ती तोंडपाठ म्हणते आणि अर्थ विचारला की गप्प बसवले जाते. वास्तविक मरियेने देवदूताला, आपण कुमारी असता हे कसे घडेल, असे सरळ विचारले होते. तिला उत्तर मिळाले. दररोज जपमाळेत 'उदर' हा शब्द उच्चारणाऱ्या आपल्याला त्याच शब्दाची लाज वाटावी, हे नवल होय.

आमचा आक्षेप उत्तरार्धाला आहे. मुलांशी अखेर मोकळेपणी बोलतात ते कदमकाका. किशोर कदम यांनी ही भूमिका ऋजुतेने वठवली आहे, पण तिच्या आडून चाळीतले आईबाप सुटतात. अव्या आणि डॉली स्वतः पालक झाल्यावर जागे होतात खरे. तोवर एक पिढी गेलेली असते.

शाळेवर विसंबावे, तर २००७ साली महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणावरच बंदी आली होती. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीला, डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून हा विषय तरुणांपुढे उघडपणे मांडला. चर्चनेही दार बंद ठेवलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये वयानुरूप लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार केला, तर पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'त त्यासाठी स्वतंत्र विभाग लिहून ते प्रेमाच्या शिक्षणाशी जोडले. शरीराची माहिती आणि प्रेमाची जबाबदारी यांची ही सांगड चित्रपटात मात्र निसटती राहते.

तरीही धर्मग्रामाच्या सभागृहात हा चित्रपट जरूर दाखवावा. पहिला खेळ केवळ पालकांसाठी ठेवावा, आणि त्या दिवशी मुलांना घरी सोडून येताना, आपण काय पाहायला चाललो आहोत, हे त्यांना सांगूनच निघावे.