सरांचा किनारा

आमच्या पडवीत एक चित्र टांगलेलं आहे. वहीच्या दोन पानांएवढा जाड कागद आणि त्यावर जलरंगात आमचाच किनारा, संध्याकाळचा. चित्रकलेच्या सरांनी काढलेला. बदली होऊन जाताना त्यांनी तो बाबांना दिला, कारण बाबांच्या रापणीच्या वाट्यातले चार बांगडे वर्षानुवर्षं सरांच्या घरी जात होते.

मुंबईहून येणारा पाहुणा त्या चित्रासमोर थांबतो आणि हमखास म्हणतो, "किती शांत आहे!" मला मात्र ते बरीच वर्षं आवडत नव्हतं, आणि ते या शांततेमुळंच.

संध्याकाळचा किनारा शांत असतो हे मला माहीतच नव्हतं. रापण लागली की दोन्हीकडचे दोर धरून तीस-चाळीस माणसं वाळूत टाचा रोवून ओढायची. आरडाओरडा, शिव्या, कावळे, कुत्री, वाटे घालताना होणारी भांडणं. सरांनी यातलं काहीच घेतलं नाही. एक होडी आहे, तीसुद्धा कोपऱ्यात पालथी. मी तेव्हा आठवीत असेन. बाबांना म्हटलं, सरांनी आपल्याला पुसूनच टाकलंय.

बाबा चौथी शिकलेले. ते चित्राजवळ गेले, ओल्या वाळूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे, ही सुकती. रापण कधीच वर इली. माणसा घराक गेली."

मी चित्र पाहिलंच नव्हतं. पाणी खूप मागे गेलंय, ओल्या वाळूचा पट्टा जवळजवळ तिसरा हिस्सा कागद व्यापून आहे. चित्राची खरी कमाई तोच पट्टा. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. तो कागदाचा असतो, तो राखावा लागतो. सर इंटरमिजिएटच्या मुलांना पांढऱ्या रंगाची बाटली उघडू द्यायचे नाहीत. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचं उदाहरण द्यायचे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र जलरंगातलंच, आणि बोटांमधून झिरपणारा तो उजेड.

सरांच्या ओल्या वाळूत तसंच आहे. आभाळाचा केशरी रंग कागद ओला असतानाच खाली उतरवलाय, त्यात जांभळा सोडलाय, आणि मधे एक आडवी फट कोरीच ठेवलीय. ती फट म्हणजे पाण्याची शेवटची पातळ चादर. आमच्या दमट हवेत कागद लवकर सुकत नाही, रंग हाताबाहेर पसरतो. सरांनी ती अडचणच कामाला लावली. आभाळ कुठं संपलं आणि वाळू कुठं सुरू झाली, याची कड सापडत नाही. सुकतीला डोळ्यांना असंच दिसतं.

तरी चित्राचा दोष राहतोच, आणि तो बाबांच्याच वाचनातून निघतो. रापण ओढून झाली असेल तर वरच्या कोरड्या वाळूवर तिच्या खुणा हव्यात. खालची वाळू ओढताना पाण्याखाली होती, ती गुळगुळीत असणारच. पण वर दोर घासलेले, टाचांचे खड्डे पडलेले असतात. दुपारी ते फारसे दिसत नाहीत. सूर्य खाली आला की प्रत्येक खड्ड्यात सावली भरते आणि अख्खी वाळू नांगरल्यासारखी दिसते. म्हणजे संध्याकाळच्या उजेडात जे सगळ्यात ठळक दिसतं, तेच सरांनी एका सपाट पिवळट हातानं झाकून टाकलं. कोरड्या कुंचल्याचे दहा-बारा फटकारे पुरले असते. माणसं काढायची गरजच नव्हती. सरांनी आभाळ ओल्या वाळूत मन लावून पाहिलं, कोरड्या वाळूत पाहिलं नाही.

हे बाबांना सांगायचं राहून गेलं. आता आमच्याकडे रापण क्वचितच लागते. मोठ्या यांत्रिक बोटी, पर्ससीनची जाळी बाहेरच मासळी उचलतात आणि ओढायला माणसंही जमत नाहीत. गेल्या दिवाळीत सुकतीच्या वेळी मी खाली गेलो. सूर्य पाण्याला टेकला होता. वरची वाळू सपाट होती, पिवळट, जवळजवळ सरांनी रंगवली होती तशीच.

घरी येऊन पुन्हा चित्र पाहिलं. दोष होता तिथंच आहे. पण पाहुण्यांनी "किती शांत" म्हटलं की हल्ली मी त्यांना आधी ओली वाळू दाखवतो, बाबांचं वाक्य सांगतो, आणि मग टाचांचे खड्डे कुठं असायला हवे होते ते काचेवर बोटानं दाखवतो.