बीज आणि संगोपन

लिसा चोलोडेंको-दिग्दर्शित ‘द किड्स आर ऑल राइट’ (२०१०) या अमेरिकन चित्रपटात निक व जूल्स या स्त्री-दांपत्याची दोन्ही अपत्ये एकाच वीर्यदात्यापासून झालेली आहेत. १८ वर्षांची झालेली जोनी, धाकट्या लेझरच्या आग्रहावरून, त्या दात्याशी, पॉलशी, संपर्क साधते. पुढे पॉल व जूल्स यांचा संबंध जडतो, घर हादरते. निक पॉलला दारातूनच परतविते. जूल्सही तितकीच अपराधी. परंतु तिला क्षमेची वाट मोकळी राहते, कारण तिच्यामागे वर्षानुवर्षांचे संगोपन आहे. हा निष्कर्ष आम्हांस मान्य आहे. तथापि पॉलच्या अपराधामुळे त्याची हकालपट्टी सुकर होते. तो निर्दोष असता, तर मुलांच्या जिज्ञासेला या घरात कोणते स्थान लाभले असते? हा अवघड प्रश्न चित्रपटाने टाळला आहे.