अनाथांचा गालिचा आणि वर्तमानपत्रें

आर्मेनियन भाषेंतील पहिलें नियतकालिक 'अझ्दारार' १७९४ सालीं निघालें, तें मद्रासेंत, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. पण आज आम्हांस लिहावयाचें आहे तें इंग्रजी पत्रांनीं गाजविलेल्या एका गालिच्याविषयीं.

१९१५ पासूनच्या संहारांत पोरक्या झालेल्या आर्मेनियन मुलींनीं लेबनॉनमधील गझीर येथें तो विणला. रुंदी सुमारें साडेअकरा फूट, लांबी साडेअठरा. गांठी ४४ लाखांवर. आणि विषय एदनच्या बागेंतील पशुपक्ष्यांचा! घरदार गमावलेल्या पोरींनीं नंदनवन विणावें, यांतला करुण रस कोणाही रसिकास जाणवेल. १९२५ च्या डिसेंबरांत तो अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांस अर्पण झाला. अर्पण करणारे डॉ. जॉन फिन्ली हे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादकवर्गांतलेच होते. त्याच सुमारास 'सुवर्णनियम रविवार' पाळला जाई. त्या दिवशीं घरोघर साधें जेवण करून वांचलेला पैसा अनाथांसाठीं द्यावयाचा. तेव्हां बातमीस हेतु होता, व तो स्तुत्यच होता.

आमचा आक्षेप त्या हेतूवर नाहीं. गांठींची संख्या सांगितली म्हणजे कलेचें वर्णन झालें, ही जी समजूत अशा वृत्तांतांतून रुजते, तिच्यावर आहे. (आमच्याकडील प्रदर्शनांचे वृत्तांत तरी याहून काय निराळे असतात?) अरारातच्या मैदानांतील किड्यांपासून काढलेला 'वोर्दान कार्मिर' हा तांबडा रंग पिढ्यान्‌पिढ्या लोंकरीस व पोथ्यांस चढत आला, त्या परंपरेचा धागा या मुलींच्या हातीं कितपत उरला होता, हा टीकाकारानें विचारावयाचा प्रश्न. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोहार नांवाच्या एका स्त्रीनें आपल्या गालिच्यांतच आपलें नांव विणलें व वाचणारानें आपल्यासाठीं प्रार्थना करावी अशी विनंतीही विणली. गझीरचा गालिचा मात्र 'अनाथांचा' म्हणूनच ओळखला जातो. त्या नांवांत एकाही मुलीचें नांव नाहीं.

२०१३ सालीं तो स्मिथसोनियन संस्थेंतील एका समारंभांत मांडावयाचा बेत होता. व्हाइट हाउसनें तो देण्याचें नाकारलें, आणि पत्रांचे रकाने पुन्हां भरले. या वेळीं तुर्कस्तानाशीं असलेल्या राजकारणाच्या चर्चेनें. २०१४ च्या नोव्हेंबरांत कांहीं दिवस तो लोकांस पाहूं दिला गेला. निदान तेव्हां तरी त्यांतले पशुपक्षी कोणी निरखून पाहिले असतील, अशी आम्हांस आशा आहे.