‘विश्वासूपणा’ : एका शब्दाचे मूळ आणि मोल

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याची फळे सांगितली आहेत. मराठी पवित्र शास्त्रात त्यांपैकी एकास ‘विश्वासूपणा’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’ असा आहे आणि अन्यत्र तोच आपण ‘विश्वास’ असा वाचतो. एका शब्दाचे दोन झाले आणि आमच्या धर्मशिक्षणातही दोन कप्पे पडले : विश्वास देवावर ठेवायचा, विश्वासूपणा मात्र नोकराने धन्याला दाखवायचा. हा अनुवाद चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असे आमचे मत आहे.

‘पिस्तिस’च्या मागे हिब्रू ‘एमुना’ उभा आहे. त्याच्या धातूचा अर्थ दृढ असणे, स्थिर असणे. निर्गमाच्या १७ व्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असता मोशेचे हात थकतात. अहरोन व हूर ते दोन्ही बाजूंनी सावरून धरतात आणि सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहतात. त्या स्थिरतेला तेथे ‘एमुना’ म्हटले आहे. म्हणजे हा गुण केवळ मनाचा नव्हे, थकलेल्या हातांचाही आहे. आणि तो एकट्याने टिकत नाही. ‘आमेन’ ह्याच धातूपासून झाला.

अरबी ‘ईमान’ही त्याच सेमिटिक धातूचा. १४९४ मध्ये निजामशाहीने आपली राजधानी वसवली, त्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मातीत ‘इमान’ कधीच परका राहिला नाही. ‘इमानेइतबारे’ राबणारा शेतकरी आणि मिस्सेत ‘आमेन’ म्हणणारा भाविक नकळत एकच धातू उच्चारतात. उर्दू बायबलने हा शब्द श्रद्धेसाठी घेतला. मराठीने घेतला नाही. संस्कृत ‘निष्ठा’ही ‘स्था’ धातूपासून आलेली, म्हणजे दृढपणे उभे राहणे. ज्ञानेश्वरी ज्या जिल्ह्यात, नेवाशास, सांगितली गेली, तेथे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मात्र लोकव्यवहारातले इमान ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ एवढ्यावर थांबते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर गावकुसाबाहेरची अनेक कुटुंबे ह्या जिल्ह्यात ख्रिस्ती झाली. भाकरीसाठी धर्म घेतल्याचा टोमणा त्यांच्या वंशजांनी ऐकला. भाकरी संपल्यावरही जे पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले, त्यांचे इमान मिठाचे कसे म्हणावे? आणि देवाचा विश्वासूपणा तर आपण त्याच्या मिठाला न जागताही ढळत नाही, असे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे.

म्हणून ‘विश्वासूपणा’ शास्त्रपाठात राहावा. परंतु प्रवचनात, विशेषतः विवाहविधीच्या वेळी, त्याच्या शेजारी ‘निष्ठा’ आणि ‘इमान’ हे शब्द उभे करावेत. वधूवरांना कळावे की त्यांनी दिलेले वचन चाकरीचे नाही. हात थकतील तेव्हा एकमेकांचे हात सावरून धरण्याचे ते वचन आहे. आणि ते ऐकून ‘आमेन’ म्हणणारी मंडळीही त्या वचनाला बांधली जाते.